बाबांच्या तोंडाची जबाबदारी

३ फेब्रुवारी, मंगळवार

घडलं ते क्रमाने:

१. रविवारी दुपारी बाबांच्या पोटात दुखायला लागलं. ते म्हणाले, गॅस आहे.
२. सोमवारी सकाळी ते खुर्चीतून उठेनात. तरी म्हणाले, गॅसच आहे.
३. हॉस्पिटलात कळलं, आतडं फुटलं आहे. लगेच ऑपरेशन.
४. ऑपरेशन नीट झालं. पण स्वतःचा श्वास पुरेना, म्हणून तोंडातून घशात घातलेली नळी तशीच ठेवली. नळीला व्हेंटिलेटर. गुंगीचं औषध चालू. मुक्काम आयसीयू.
५. आत्या आली. आल्या आल्या विचारलं, तू जेवलीस का. प्रश्न गैरलागू होता.
६. परदेशात दादाला फोन केला. तो म्हणाला, निघू का? मी म्हटलं, गरज नाही.
७. मी रडले नाही. (हे घडलेलंच नाही, त्यामुळे यादीत बसत नाही. राहू दे.)

ही वही कुणासाठी नाही. डोक्यात गर्दी झाली की चुका होतात, म्हणून लिहिते आहे.

दिवसभर वाचन केलं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला मोठा धोका न्यूमोनियाचा. तोंडात जंतू वाढतात, लाळेबरोबर नळीच्या कडेने खाली झिरपतात आणि फुप्फुसात जातात. म्हणून तोंड स्वच्छ ठेवायचं, दात घासायचे, पलंगाचं डोकं उंच ठेवायचं.

हे वाचून फार बरं वाटलं. आतडं, रक्तदाब, व्हेंटिलेटरचे आकडे यातलं मला काही कळत नाही. पण एका नळीच्या तोंडाशी जंतूंचा चिकट थर जमतो आणि पुढचं सगळं नासतं, हे माझं रोजचं काम आहे. शीतपेयाच्या कारखान्यात मी दुसरं काय करते? बाटल्या भरायच्या तोट्या स्वच्छ आहेत की नाहीत, हेच तर बघते. तिथे माझ्या सहीशिवाय एक बाटली बाहेर जात नाही.

निर्णय: बाबांच्या तोंडाची जबाबदारी माझी.

४ फेब्रुवारी, बुधवार

आयसीयूच्या मोठ्या सिस्टरांना भेटले. विचारलं, दात किती वेळा घासता? त्या म्हणाल्या, प्रत्येक पाळीत घासायचे असतात. मी म्हटलं, असतात की घासता? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, आज माझ्या दोन मुली रजेवर आहेत आणि सगळे पलंग भरलेत, तुम्हीच सांगा.

मी त्यांना तोट्यांचं उदाहरण देऊन सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सलाईन बदलत, एक अलार्म बंद करत, एकदा फोन घेत पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, तुम्ही ड्रायव्हिंगवाल्या मास्तरांची मुलगी ना?

बाबांनी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शहरातली निम्मी माणसं त्यांच्याशेजारी बसून घामाघूम झालेली आहेत. मोठ्या सिस्टर त्यांतल्याच. परीक्षेत दोनदा नापास. म्हणाल्या, मास्तर मला म्हणायचे, बाई, ब्रेक मारायचा असतो, त्याच्यावर विचार करत बसायचं नसतं. आणि हसल्या. मी विषयावर परत आणलं.

शेवटी त्या म्हणाल्या, दुपारच्या भेटीच्या वेळेत या, माझ्यासमोर तुम्ही घासा. माझं म्हणणं त्यांना पटलं. जाता जाता ‘तेवढेच दोन हात वाढतील’ असंही काहीतरी पुटपुटल्या, पण मुख्य भाग पटण्याचा होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली वेळ.

ब्रश लहान आणि मऊ हवा. दुकानात त्या मापाचे फक्त मुलांचे होते. दांड्यावर ससा आहे. कामाला फरक पडत नाही.

पद्धत: हात धुवायचे, हातमोजे घालायचे. आधी साठलेली लाळ सक्शनने ओढून घ्यायची. नळी सिस्टरांनी धरायची, ती तसूभरही हलता कामा नये. मग एकेक बाजू, आतून, बाहेरून, हिरड्या, जीभ. पाणी अगदी थेंबाथेंबाने आणि लगेच ओढून घ्यायचं. शेवटी ओठांना मलम.

बाबांचं तोंड इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं. एक दाढ सोडली तर सगळे दात जागेवर. खालच्या समोरच्या दातांत एक जरासा वाकडा आहे. तो कधीपासून वाकडा आहे, मला माहीत नव्हतं.

मी चांगलं केलं. सिस्टर दोनच वेळा बोलल्या. एकदा म्हणाल्या, जबडा असा उघडत नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाल्या, हळू हो ताई, ती बाटली नाही, बाबा आहेत.

सुधारणेला वाव असतोच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पलंगाचं डोकं निदान तीस अंश उंच हवं. कारखान्यातून कोन मोजायचं यंत्र आणलं. पलंग अठ्ठावीस अंशांवर. लगेच कळवलं. तिथल्या सिस्टरने बटण दाबून वर केला. बाबा हळूहळू खाली घसरले. दोघींनी चादरीने धरून वर ओढले. परत मोजलं. पलंग बरोबर, पण बाबा परत खाली. छाती उंचावर असायची ती पोटापाशी दुमडलेली.

मोठ्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, ताई, पलंग तीसवर आहे, माणूस पंधरावर आहे, आता कुणाला मोजणार?

मग त्यांनी गुडघ्यांखाली उशी दिली. हे मीही सुचवलं असतं.

यंत्र आत आणायला मनाई झाली आहे. निर्जंतुक नाही म्हणून. मुद्दा योग्य आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही असंच केलं असतं, कदाचित जरा वेगळ्या शब्दांत.

७ फेब्रुवारी, शनिवार

दादाचा फोन. बाबा कसे आहेत? मी सांगितलं, हिरड्यांची सूज नाही, जीभ स्वच्छ, ओठांना भेग नाही. तो म्हणाला, ते ठीक आहे गं, पण बाबा कसे दिसतात?

मी म्हटलं, मी रोज संध्याकाळी तुला रिपोर्ट पाठवते त्यात सगळं असतं.

तिकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. लाईन खराब असावी. मग म्हणाला, मी तिकीट बघतो. मी म्हटलं, बघू नकोस, सगळं कंट्रोलमध्ये आहे. तू येऊन करणार काय? भेटीच्या वेळी एकालाच आत सोडतात आणि तिथे मी असते.

मग आत्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिकडे कोपऱ्यात जाऊन त्याच्याशी खूप वेळ बोलली. काय बोलली विचारलं तर म्हणाली, तुझ्या रिपोर्टात नसेल असं.

८ फेब्रुवारी, रविवार

गंभीर प्रकार. आज सकाळच्या भेटीला आत्याला पाठवलं. (रविवारची सुट्टी, मी जरा उशिरा उठले. शरीराला विश्रांती लागते.) मी पोचले तेव्हा काचेतून दिसलं, आत्या कापसाच्या बोळ्याने बाबांच्या ओठांना काहीतरी लावते आहे. साखरेचं पाणी! पदराआड बाटलीतून आणलेलं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, तुला कळतं का तू काय केलंस? जंतूंना साखर! म्हणजे त्यांची मेजवानीच! ती म्हणाली, तोंड बघ त्याचं, सुकून लाकूड झालंय. मी म्हटलं, मी रोज मलम लावते. ती म्हणाली, साहेबीण, तुला नळी दिसते, मला माझा भाऊ दिसतो.

आत्या मला लहानपणापासून साहेबीण म्हणते. मी लक्ष देत नाही.

तिला तिथेच, वेटिंग हॉलमध्ये, पूर्ण विषय समजावून सांगितला. आजूबाजूचे नातेवाईक जमले. उपस्थिती चांगली होती. प्रश्नही आले. एकाने विचारलं, बाथरूमची किल्ली कुणाकडे असते? एक गृहस्थ शेवटपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, डॉक्टर, माझी बायको कधी शुद्धीवर येईल? मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, मी क्वालिटीत आहे. ते म्हणाले, मग निदान कुणाला विचारायचं ते तरी सांगा.

मी काउंटरकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, तिथूनच आलो.

आत्याने त्यांना आपल्या डब्यातलं खायला दिलं. मला नाही विचारलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेले. लक्ष पूर्ण कामात होतं. एकच चूक झाली, ती सहकाऱ्याने वेळेत पकडली.

मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, हे आमचं ब्रीदवाक्य भिंतीवर लावलेलं आहे. म्हणून काल दुपारी घासायच्या आधी बाबांच्या जिभेवरून आणि दाढांवरून निर्जंतुक काडीने नमुना घेतला होता. सिस्टरांना तो कापसाचा बोळा वाटला. मीही दुरुस्ती केली नाही. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये तो जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरला आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवला. शेजारी आंब्याच्या पेयाचे नमुने आहेत. लेबल नीट लावलं आहे.

आता हातात आकडा येईल. आकडा आला की बोलता येतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

प्लेट बघितली. जंतूंच्या वसाहतीच वसाहती. मोजता येणार नाहीत इतक्या. आमच्याकडे एखाद्या तोटीची अशी प्लेट आली असती तर मी सगळी लाईन बंद केली असती.

फोटो काढून आयसीयूच्या डॉक्टरांना दाखवला. हे डॉक्टर फार हळू बोलतात आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘बघूया’ने करतात. बघूया म्हणत त्यांनी फोटो मोठा करून बघितला. हे कुठून आणलं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग म्हणाले, बघूया, तुमच्या स्वतःच्या तोंडाचा नमुना घेतलात का? तुलनेसाठी.

तुलनेचा नमुना हवाच. हा अगदी प्राथमिक मुद्दा आहे. मी घेणारच होते.

मी दुसरा प्रस्तावही मांडला: जंतुनाशक औषधाने तोंड रोज चांगलं खळखळून धुवायचं, जरा जास्त तीव्रतेचं. ते म्हणाले, आम्ही पूर्वी वापरायचो, आता बंद केलं. त्याने फारसा फायदा दिसला नाही, कदाचित त्रासच होत असावा. साधं घासणं बरं. मी म्हटलं, आमच्याकडे औषधाशिवाय पाइप स्वच्छ झाला असं मानतच नाहीत. ते म्हणाले, बघूया, पण पाइपला जीभ नसते ना.

चर्चा सकारात्मक झाली. येताना सिस्टरांना म्हणाले, आतून काहीही बाहेर नेऊ देऊ नका. एकूणच शिस्त वाढते आहे, चांगलं आहे.

घरी जाऊन स्वतःचा नमुना घेतला. सकाळी दात घासले होते, संध्याकाळीही घासले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चांगली बातमी. गुंगीचं औषध कमी केलं आहे. बाबांनी डोळे उघडले.

माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाबा, मी आहे, आता आपण दात घासणार आहोत. (आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं असं नंतर वाटलं. पण वेळ मर्यादित असतो.)

ब्रश आत घातल्याबरोबर चादरीखाली उजवा पाय हलला. पाऊल खाली दाबलं गेलं, टाच टेकवून, जोरात. ब्रश काढला, पाय सैल. ब्रश घातला, पाय खाली. नोंद केली: उजव्या पायाची हालचाल, ब्रशला तात्काळ प्रतिसाद, ताकद उत्तम.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ताई, मास्तर ब्रेक मारताहेत.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. समोरच्याने घोळ घातला की तो दाबायचा. मला हे माहीत आहे. माझ्या गाडीत बसले तरी बाबांचा पाय रिकाम्या जागेत तो ब्रेक शोधायचा. पण इथे तसं काही नाही. मी सिस्टरांना सांगितलं, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्या म्हणाल्या, असेल. पण त्या पायाशेजारी मी दोन महिने बसलेय, ओळखते मी त्याला.

सगळे दात पूर्ण केले. पायाने चादर पार खाली ओढली होती.

दादाला कळवलं: पायाची ताकद उत्तम.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माझी प्लेट बघितली. बाबांपेक्षा जास्त.

दोनदा तपासलं. लेबल बरोबर आहे. निष्कर्ष: बाबांच्या तोंडाची काळजी माझ्या तोंडापेक्षा चांगली घेतली जाते आहे. म्हणजे योजना यशस्वी. लॅबमधल्या सहकाऱ्याने विचारलं, ही कुठली तोटी गं, बंद करा ती आधी. मी प्लेट टाकून दिली.

दुपारी परत तेच. ब्रश, पाय. आज हातही उचलला. नळी ओढतील म्हणून हात पट्टीने हलकेच बांधला आहे, तो पट्टीपर्यंत आला आणि थांबला. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. नळीमुळे डोळ्यांना पाणी येतं असं मी वाचलं आहे.

सिस्टर म्हणाल्या, आज मी करू का? मी म्हटलं, तंत्र बघायला मला आवडेल. त्या बाबांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, मास्तर, सिग्नल लाल आहे, मी थांबलेय. हिरवा झाला की सांगा. आणि खरंच थांबल्या. तिकडे दुसऱ्या पलंगाचा अलार्म वाजत होता तरी थांबल्या. बऱ्याच वेळाने बाबांनी एक बोट वर केलं. मग घासले. पाय हलला नाही.

मी संध्याकाळी घरी सराव केला. सिग्नल लाल आहे. एकटीला ते वाक्य जमत नाही. माझ्या आवाजात ते सूचनेसारखं ऐकू येतं.

दादाला: बाबा आता बोटाने संवाद साधतात. प्रगती समाधानकारक. येण्याची गरज नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

माझी पाळी. वाकले आणि म्हटलं, बाबा, तुमची परवानगी असेल तर सुरू करते. ते बघत राहिले. मी वाट बघितली. बोट हललं नाही. भेटीची वेळ संपायला आली. मी म्हटलं, बाबा, हे तुमच्या भल्यासाठी आहे. त्यांनी डोळे मिटले.

मिटलेले डोळे म्हणजे संमती, असं मी आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे. आज घासले नाहीत. संध्याकाळच्या सिस्टरने घासले असणार. विचारलं. म्हणाली, हो हो. एकदाच ‘हो’ म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

व्हेंटिलेटरचा आधार कमी करून बघितला. बाबा थोडा वेळ टिकले, मग दमले. परत वाढवला. डॉक्टर म्हणाले, बघूया, उद्या परत.

अंग किंचित गरम. आयसीयूत मशीन्स असतात, खोली गरमच असते. शिवाय पातळ का होईना, चादर आहे. थर्मामीटर कधी तपासलेला आहे विचारलं. सिस्टरने दुसरा आणला. त्यातही तेच.

संकल्प: उद्यापासून सकाळची भेटही मी घेणार. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, घे. काही भांडली नाही. तब्येत बरी नसावी तिची.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ताप. नळीतून येणारा कफ दाट, रंग बदललेला. एक्स-रेत उजवीकडे खाली सावली. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे.

या वाक्याला त्यांनी ‘बघूया’ लावलं नाही.

मी म्हटलं, परत तपासा. ते म्हणाले, तपासला आहे. मी म्हटलं, पण तोंड स्वच्छ आहे. ते म्हणाले, हो, चांगलं स्वच्छ आहे, तुम्ही मनापासून केलंत. त्याने धोका कमी होतो. संपत नाही. मी विचारलं, मग कुठे चुकलं? कुठल्या पाळीत? गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या पलंगावर गडबड झाली होती, तेव्हा राहिलं का? शनिवारी राहिलं का? साखरेचं पाणी? पलंगाचा कोन? ते म्हणाले, असं एक कारण सापडेलच असं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे कारण सापडेपर्यंत फाइल बंद करत नाहीत. ते म्हणाले, तुमच्याकडे बाटल्या सगळ्या सारख्या असतात.

मोठ्या सिस्टर बाहेरपर्यंत आल्या. म्हणाल्या, माझ्या पाळीत एकही वेळ राहिलेली नाही, तेवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. बाकीच्यांचं मी कसं सांगू?

घरी येऊन मोठा कागद घेतला. आमच्याकडे दोष आला की माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढतात: डोक्याच्या जागी दोष, प्रत्येक काट्यावर एक संभाव्य कारण. माणसं, साधनं, पद्धत, सगळे काटे भरले. एकही रिकामा राहिला नाही. एका काट्यावर माझं नाव आहे, एकावर आत्याचं. कुठला काटा खरा, ते आकृतीत कळत नाही.

आजचा रिपोर्ट दादाला पाठवला नाही. उद्या चित्र अधिक स्पष्ट होईल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चित्र स्पष्ट झालं नाही.

डॉक्टरांनी बसवून सांगितलं. नळी तोंडातून फार दिवस ठेवता येत नाही. गळ्याला पुढून लहान छिद्र पाडून तिथून नळी घालावी, असा एक मार्ग. त्याने तोंड मोकळं होतं, गुंगी कमी लागते, व्हेंटिलेटर सुटण्याची शक्यता वाढू शकते. पण आत्ता ताप आहे, रक्तदाब खालीवर आहे, या अवस्थेत त्या छोट्या ऑपरेशनलाही धोका आहे. दुसरा मार्ग, थांबायचं. त्यातही धोका आहे. मी विचारलं, तुमच्या वडिलांचं काय केलं असतं? ते म्हणाले, मलाही माझ्या भावाला विचारावं लागलं असतं. शनिवारी सकाळच्या राउंडच्या आधी घरच्यांचं मत हवं.

मी म्हटलं, दुपारपर्यंत सांगते.

तक्ता केला. दोन पर्याय, सहा निकष, प्रत्येक निकषाला गुण. पहिला पर्याय जिंकला. मला बरं वाटलं नाही. गुण बदलले. दुसरा जिंकला. तेव्हाही बरं वाटलं नाही.

बाबांना विचारावं म्हणून आत गेले. गुंगी परत वाढवलेली. वाकले. काय विचारायचं ते ठरवून गेले होते. म्हटलं, बाबा, सिग्नल लाल आहे. थांबले. काही हललं नाही. बोट नाही, पाय नाही. मी ब्रश लावून बघितला. पाय हलावा म्हणून. हलला नाही.

मग तोच एक दात पुन्हा पुन्हा घासत राहिले. बहुधा सकाळी खाल्लं नव्हतं म्हणून. सिस्टरांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि म्हणाल्या, बसा तुम्ही. खुर्ची नव्हती. त्यांनी कुठून तरी आणवली. त्यांनी घासले, मी बघत बसले. तो वाकडा दात त्यांनी आतूनही घासला.

बाहेर आत्याला विचारलं, काय करायचं? ती म्हणाली, मला नको विचारू गं बाई. हो म्हटलं आणि काही झालं तर, नको म्हटलं आणि काही झालं तर. आणि रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. तिने विचारलं, तू जेवलीस का. मी म्हटलं, नाही. डबा उघडला तिने. दोघींनी खाल्लं.

दुपारपर्यंत सांगते म्हटलं होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही. मीही गेले नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी कामावर कळवलं, येत नाही. कारण लिहायच्या जागी ‘वैयक्तिक’ लिहिलं.

ताप तसाच. औषध बदललं आहे. सिस्टर म्हणाल्या, आज तोंड छान आहे मास्तरांचं. मी मान हलवली.

मग वेटिंग हॉलमध्ये बसून दादाला लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात दोन्ही पर्यायांचा तक्ता आणि आलेख होते. दुसऱ्यात तक्ता वगळला, आलेख ठेवला. तिसऱ्यात आलेखही वगळला. चौथा आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली, यात बाबा कुठे आहे? पाचवा पाठवला. नक्कल इथे ठेवते.

दादा,

बाबांना न्यूमोनिया झाला आहे. सोमवारी कळलं. मी तुला तेव्हाच सांगितलं नाही.

मी रोज पाठवत होते त्या रिपोर्टांत बाबांच्या दातांबद्दल जे होतं ते बरोबर होतं. बाकी मला काही कळत नव्हतं आणि आत्ताही कळत नाही. तू विचारलं होतंस ते कसे दिसतात. खूप लहान दिसतात. चेहऱ्यावर नळीच्या पट्ट्यांचे वळ आहेत. दाढी पांढरी वाढली आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी डोळे उघडले होते, दोनतीन दिवस. तेव्हा तू इथे असायला हवा होतास आणि मी तुला येऊ नको म्हटलं.

गळ्यातून नळी घालायची की थांबायचं, हे डॉक्टरांना शनिवारी सकाळी सांगायचं आहे. दोन्हीत धोका आहे. डॉक्टरांचा फोन नंबर खाली देते, त्यांच्याशी बोल, हळू बोलतात पण नीट सांगतात. मला हे एकटीला ठरवता येत नाही.

हो की नको, आणि तू येतोस का, एवढं शुक्रवार, वीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळव.